बोटीवरचा अँप्लिफायर, चार स्पीकर आणि एक सबवूफर : वायरिंग पुन्हा करतोय, मदत हवी

देवबागकर

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय. थोडा लांबेल, पण अर्धवट माहितीवर कुणी उत्तर देऊ शकणार नाही म्हणून सगळं लिहितो.

देवबागला आमची २४ फुटी फायबरची बोट आहे. मागे ४० घोड्यांचं पेट्रोल आउटबोर्ड. हंगामात पर्यटकांना कर्ली नदी, त्सुनामी बेट आणि सकाळची डॉल्फिन फेरी असं घेऊन जातो. सुकाणूवर बाबा, बाकी सगळं मी. दोन वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या एका कार अ‍ॅक्सेसरीजवाल्याकडून गाण्यांची सिस्टिम बसवून घेतली. सध्या असं आहे:

बोटीच्या मध्यावर सुकाणूचा खोका, त्यात हेड युनिट आणि ४ चॅनलचा अँप्लिफायर (४ ओहमला ७५ वॅट प्रत्येकी, २ ओहमला ११० वॅट). ६.५ इंची चार स्पीकर, चारही ४ ओहमचे. १० इंची एक सबवूफर, दोन कॉइलचा, ४+४ ओहम. चार स्पीकर चॅनल १ आणि २ वर दोन-दोन, सब चॅनल ३-४ ब्रिज करून (दोन चॅनल जोडून एक केलेले). बॅटरी एकच, ८० एएच (अँपिअर-तास), मागच्या बाकाखाली. तीच इंजिनाची, तीच गाण्यांची.

त्रास असे. पाऊण-एक तास मोठ्याने वाजलं की अँपचा लाल दिवा लागतो आणि सगळं गप्प. इंजिन चालू असताना स्पीकरमधून शिट्टी येते, रेस वाढवली की शिट्टीही चढते. सबची एमडीएफची पेटी फुगून शिवण सुटली आहे. जोड उघडले तर आत हिरवी बुरशी चढल्यासारखं.

आणि हे सगळं खोलायचं खरं कारण : मार्चमध्ये संध्याकाळी नदीच्या तोंडाजवळ इंजिन बंद करून सूर्यास्तासाठी थांबलो होतो, गाणी चालू होती. निघताना स्टार्टर दोनदा टक् टक् करून थांबला. बोटीत ११ माणसं, त्यांत दोन लहान मुलं. ओहोटी लागली होती, पाणी बाहेर ओढत होतं. नांगर टाकला, बाबांनी फ्लायव्हीलला दोरी गुंडाळून ओढलं, चौथ्या ओढीला इंजिन लागलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

आता पावसाळ्यात बोट वर ओढलेली आहे. सप्टेंबरच्या आत सगळं नीट करायचंय. मोठी बॅटरी घेऊ? सबसाठी वेगळा मोनो अँप घेऊ? कुठून सुरुवात करू?

पुणे_बास

लाल दिव्याचं कारण जवळजवळ नक्की सांगता येईल. सबच्या दोन्ही कॉइल पॅरलल जोडल्या आहेत का ते बघ. ४ आणि ४ पॅरलल म्हणजे २ ओहम. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलच्या वाट्याला अर्धा भार येतो, म्हणजे १ ओहम. तुझा अँप चॅनलमागे २ ओहमपर्यंतच सांभाळतो, ब्रिजमध्ये ४ पर्यंत. १ ओहमवर तो तापणार आणि स्वतःला वाचवायला बंद होणार. अँप चांगला आहे म्हणून अजून जिवंत आहे.

शिट्टीचं म्हणशील तर अर्थिंग खराब आहे. अँपचा मायनस जवळच्या धातूवर रंग खरवडून घट्ट बोल्ट कर. आउटबोर्डच्या ब्रॅकेटला दिलास तरी चालेल.

मांडवा_वायरमन

पुणे_बास, ओहमचा हिशोब शंभर टक्के बरोबर. पण अर्थिंगचा सल्ला बोटीवर देऊ नका, हात जोडून सांगतो. गाडीचा अख्खा पत्रा मायनस असतो, म्हणून कुठेही बोल्ट मारला की काम होतं. फायबरच्या बोटीत पत्राच नाही. इंजिनाच्या ब्रॅकेटला मायनस दिला तर अँपचा करंट इंजिनाच्या अंगातून बॅटरीकडे जाणार. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या अ‍ॅल्युमिनियममधून भलता करंट फिरला की ते पोखरलं जातं. अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत तर बोटीचं अंग कधीच मायनस म्हणून वापरायचं नाही, तळच सडतो.

बोटीत जेवढा करंट प्लसने गेला तेवढा त्याच्या स्वतःच्या मायनस वायरनेच परत यायला हवा. म्हणून मायनस वायर प्लसइतकीच जाड. खोक्यात एक मायनसचा बसबार (अनेक वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी) लावा, हेड युनिटचा मायनस तिथे, अँपचा मायनस तिथे, आणि तिथून एकच जाड वायर बॅटरीला. निम्म्या शिट्ट्या एवढ्यानेच जातात, कारण हेड युनिट आणि अँप यांच्या मायनसमध्ये जो थोडा व्होल्टेजचा फरक पडतो तोच आरसीए केबलमधून (हेड युनिटकडून अँपला गाण्याचा सिग्नल नेणारी) आवाज बनून येतो.

देवबागकर, पैसे खर्च करायच्या आधी तीन गोष्टी मोजा. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर कुणाकडून तरी मागून आणा (साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, तो चालणार नाही). नेहमीच्या आवाजात गाणी लावा आणि अँपच्या प्लस वायरमधला करंट, बॅटरीवरचं व्होल्टेज, अँपच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज लिहून काढा. आणि वायरचं टोक सोलून ब्लेडने हलकेच खरवडा. आतून पांढरी निघाली तर कळवा.

जुना_तांडेल

बाबा दोरीन इंजिन लावतत म्हणजे मानूस तयारीचो आसा. पन तुझी पेट्रोलची टाकी खंय आसा, ता पयला सांग.

देवबागकर

तांडेल काका, टाकी मागच्या बाकाखालीच, २५ लिटरची. बॅटरीच्या शेजारी.

मोजून आलो. गाणी बंद, अँप नुसता चालू : १.२ अँपिअर. बोलण्याच्या आवाजाएवढं : ४. पर्यटक नाचतात तेव्हा लावतो तेवढं : १५ च्या आसपास, ठेक्यावर आकडा वर उडी मारतो. त्या वेळी बॅटरीवर १२.५ व्होल्ट, अँपवर ११.३.

वायरवर ६ स्क्वेअर (म्हणजे ६ चौरस मिलिमीटर जाडी) लिहिलंय. खरवडली. वर लाल, आत पांढरी. बॅटरी ते अँप वायरची लांबी कडेकडेने ६ मीटर.

मांडवा_वायरमन

वाटलंच होतं. ती तांब्याची नाही, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली वायर आहे. बाजारात कार ऑडिओच्या किटमध्ये सर्रास मिळते, जाड दिसते, स्वस्त पडते.

हिशोब मांडून दाखवतो, म्हणजे दुकानदार काही सांगू लागला तर तुम्हाला स्वतः पडताळता येईल. ६ स्क्वेअरच्या शुद्ध तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ३.३ मिलिओहम. जाऊन-येऊन १२ मीटर, म्हणजे ४० मिलिओहम. १५ अँपिअरला ०.६ व्होल्ट गळणार. मुलाम्याच्या वायरीला रोध दीडपटीहून जास्त, म्हणजे ०.९ ते १ व्होल्ट. तुमचं गळतंय १.२. वरचं सगळं त्या हिरव्या जोडांमध्ये जातंय. ठेक्यावर करंट ४० वर गेला की अँपला किती उरत असेल याचा विचार करा.

आणि त्या वायरीच्या कापलेल्या टोकाला खारं पाणी लागलं की तांबं शाबूत राहतं आणि आतलं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. दोन पावसाळ्यांत आतून पावडर. बोटीवर ती वायर अजिबात नको. टिन केलेली तांब्याची, बारीक तारांची लवचिक केबल घ्या. टिनचा थर प्रत्येक तारेवर असतो, त्यामुळे इन्सुलेशनच्या आतून ओल चढली तरी तार काळी पडत नाही. महाग आहे, पण एकदाच घ्यायची.

टँपा_बे

फ्लोरिडात राहतो, मूळचा वेंगुर्ल्याचा. इथे बारा वर्षं स्वतःच्या आणि मित्रांच्या बोटींचं वायरिंग करतोय. देवबाग वाचून लगेच लिहायला बसलो.

तांडेल काकांनी जो प्रश्न विचारला त्यावर आधी बोलू या, बाकी गाणं-बिणं नंतर. देवबागकर, मागच्या बाकाखाली टाकीजवळ बॅटरीखेरीज आणखी काय आहे? फ्यूज होल्डर? टॉगल स्विच? रिले?

देवबागकर

दादा, फ्यूज होल्डर आहे, काचेच्या फ्यूजचा, आणि पूर्ण सिस्टिम बंद करायचा एक साधा स्विच. दोन्ही बाकाच्या आतल्या बाजूला स्क्रूने लावलेत.

टँपा_बे

ते दोन्ही आजच काढ. बोट किनाऱ्यावर असली तरी.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जाऊन उडत नाही, खाली साचते. बाकाच्या बंद खणात टाकीचं झाकण जरा सैल असलं की तळाशी वाफ जमते. साध्या स्विचमध्ये दर वेळी चालू-बंद करताना बारीक ठिणगी पडते, उघडा फ्यूज उडतो तेव्हाही पडते. अमेरिकेत एबीवायसी नावाची बोटबांधणीची मानकं आहेत, त्यात स्पष्ट म्हटलंय की पेट्रोलच्या खणात ठेवलेलं विजेचं प्रत्येक उपकरण ठिणगी बाहेर न पडणाऱ्या बनावटीचं हवं. अशा वस्तूंवर 'इग्निशन प्रोटेक्टेड' असा शिक्का असतो. गाडीच्या दुकानात मिळणाऱ्या स्विचवर तो नसतो. अँपही त्या खणात कधी नेऊ नकोस.

आता बॅटरीकडे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर : एक मोठी बॅटरी घेऊ नकोस, दुसरी वेगळी घे. इंजिनाची बॅटरी फक्त इंजिनाची. तिला गाण्यांची वायर लागताच कामा नये. ८० एएचमधून निम्मे काढले की लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.२ व्होल्टपर्यंत येते, त्याखाली गेली की तिचं आयुष्यही कमी होतं आणि स्टार्टरही कुरकुरतो. तुझे १५ अँपिअर, वर ठेक्याच्या उड्या, आणि इंजिन बंद. दोन-अडीच तासांत संपलं. मार्चमध्ये तुझ्याबरोबर हेच झालं.

दुसरी बॅटरी १०० एएचची, एजीएम (पाणी न घालावी लागणारी सीलबंद लेड-अ‍ॅसिड), आणि ती मागे न ठेवता सुकाणूच्या खोक्यात ठेव, अँपपासून हातभर अंतरावर. यात चार फायदे दिसतात मला. अँपची जाड वायर ६ मीटरऐवजी दीड मीटर. जाऊन-येऊन ३ मीटर १६ स्क्वेअर वापरलीस तर पूर्ण जोरावर सुद्धा गळती ०.२ व्होल्टच्या आत. वजन मागून मध्यावर येतं. पेट्रोलपासून लांब. आणि जो लांबचा पल्ला उरतो त्यातून फक्त चार्जिंगचा करंट जातो. तुझ्या इंजिनाच्या पुस्तकात जनरेटर किती अँपिअरचा लिहिलाय?

देवबागकर

१७ अँपिअर. स्विच काढला दादा. बाबा शेजारी उभे होते, त्यांनी स्वतः पान्याने काढला.

टँपा_बे

छान. १७ पूर्ण रेसवर मिळतात. नदीत सावकाश चालताना त्याच्या बरेच कमी, हे लक्षात ठेव. त्यातले काही इंजिन स्वतःच वापरतं.

दोन बॅटऱ्यांच्या मध्ये व्हीएसआर लाव. व्होल्टेज बघून जोडणारा-सोडणारा रिले आहे तो. इंजिन लागून व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेलं की दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या खाली आलं की सोडवतो. म्हणजे इंजिन बंद करून कितीही गाणी वाजवली तरी स्टार्टरची बॅटरी भरलेली राहते. कुणी स्विच फिरवायला विसरला असं होत नाही. शिक्का बघून घे, किंवा खोक्यात लाव.

फ्यूजबद्दल दोन गोष्टी ज्या मी सगळ्यात जास्त चुकलेल्या पाहतो. फ्यूज अँपसाठी नसतो, वायरसाठी असतो. म्हणून तो बॅटरीजवळ हवा. एबीवायसीचं अंतर ७ इंच आहे. अँपजवळ फ्यूज लावला आणि मधली वायर कुठे घासून मायनसला टेकली, तर बॅटरी आपला सगळा करंट त्या वायरीत ओतणार आणि फ्यूज नुसता बघत राहणार. दुसरी : दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या वायरीला दोन्ही टोकांना फ्यूज. दोन्हीकडून करंट येऊ शकतो ना! मागच्या टोकाला बॅटरीच्या टर्मिनलवरच बसणारा बंदिस्त फ्यूज मिळतो, तोही ठिणगी बाहेर न टाकणारा असतो. तोच घे.

चार्जिंगच्या पल्ल्याला १६ स्क्वेअर, दोन्ही टोकांना ५० चा फ्यूज. अँपकडे ६० चा.

पुणे_बास

मायनसबद्दल माझं चुकलं, मान्य. गाड्यांची सवय. मांडवा_वायरमन यांनी सांगितलं ते मलाही नवीन होतं.

मोनो अँपवर माझं मत : आत्ता घेऊ नकोस. सबच्या दोन्ही कॉइल सीरिजमध्ये कर. पहिल्या कॉइलचा मायनस दुसरीच्या प्लसला, उरलेली दोन टोकं अँपच्या ब्रिजला. ८ ओहम होतील, प्रत्येक चॅनलला ४ दिसतील, अँप थंड राहील. १५० वॅट मिळतील. आधी १ ओहमवर जे मिळत होतं ते पाऊण तासच मिळत होतं.

स्पीकर दोन-दोन पॅरलल आहेत ते राहू दे, २ ओहम स्टिरिओला तुझा अँप चालतो. सगळं मिळून २२० अधिक १५०, म्हणजे ३७० वॅट. एबी वर्गाचा अँप साठ टक्के धरला तर पूर्ण जोरावर ६०० च्या वर वॅट बॅटरीतून, म्हणजे ४७ अँपिअरच्या आसपास. गाण्यात सरासरी याच्या चौथा-तिसरा हिस्साच असतो. तू मोजलेले १५ यात बसतात.

पुढे खरंच कमी वाटलं तर डी वर्गाचा मोनो घे, तो ८० टक्क्यांच्या आसपास काम करतो, तेवढ्याच आवाजाला बॅटरी कमी खातो. मग हा ४ चॅनल मोकळा होईल आणि एकेका चॅनलला एकेक स्पीकर देता येईल.

चापोरा_काठ

धागा माझ्याही कामाचा. गोव्यात बोट आहे, माझ्याकडे १ ओहमपर्यंत चालणारा मोनो आणि ४+४ चे दोन सब. सगळ्या कॉइल पॅरलल करू का?

पुणे_बास

चार कॉइल पॅरलल म्हणजे बरोबर १ ओहम. चालेल, पण वायरीत आणि जोडात जाणारा करंट दुप्पट होतो आणि बोटीत जोडच आधी मरतात. प्रत्येक सबच्या दोन कॉइल सीरिज करा (८), मग दोन सब पॅरलल (४). वॅट कमी मिळतील, हंगाम मात्र पूर्ण निघेल. अँप किती वॅट ४ ओहमला देतो ते बघून ठरवा.

चापोरा_काठ

४ ओहमच करतो. देव बरें करूं.

मांडवा_वायरमन

आता जोडांचं. बोटीवर पुन्हा पुन्हा दुरुस्तीला बोलावतात त्यातली बहुतेक कामं जोडांचीच असतात, म्हणून जरा बारीक लिहितो.

टिन केलेले तांब्याचे लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या बोल्टच्या कड्या), केबलच्या मापाचेच. षटकोनी डाय असलेल्या क्रिम्परने दाबा, पकडीने चेपू नका. हातोडीने तर नाहीच. जोड नुसत्या सोल्डरवर ठेवू नका, कारण सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक होते आणि लाटांच्या हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. तापवल्यावर दोन्ही टोकांतून गोंदाचा थेंब बाहेर आला की ओल आत जायचा रस्ता बंद झाला असं समजा. साधी स्लीव्ह नको, तिच्यात पाणी शिरतं आणि बाहेर येत नाही.

वायरला दर दीड फुटावर क्लिप. उपकरणात शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातून टपकेल, टर्मिनलपर्यंत पोचणार नाही. स्क्रू, नट सगळे ३१६ स्टीलचे. तळाशी जिथे पाणी साचतं तिथून एकही जोड नेऊ नका. पॉवर केबल बोटीच्या एका अंगाने, आरसीए दुसऱ्या अंगाने. एकमेकींना ओलांडावंच लागलं तर काटकोनात.

स्पीकरला २.५ स्क्वेअर पुरे, सबला ४.

एवढं करूनही शिट्टी राहिली तर अँपमधून आरसीए उपटा. शिट्टी गेली तर ती हेड युनिटकडून येतेय. नाही गेली तर अँपच्या पॉवरमधून. यावरून पुढचं शोधता येईल.

देवबागकर

सबची पेटी पुन्हा करायचीय. जागा वाचते म्हणून सुकाणूच्या खोक्याच्या पुढच्या फळीवरच सब बसवावा असं डोक्यात आहे. चालेल?

जुना_तांडेल

होकायंत्र खंय आसा तुमचा? खोक्यावरच ना? मगे त्या चुंबकाक थंय नेव नको. काळोखात, धुक्यात काटो खोटा बोललो तर काय करशीत? पावसाच्या आधी एकदा सकाळी असा धुका इला होता, हातभर दिसना नाय. काट्यावर घराक इलंय.

टँपा_बे

काकांचं शब्दन् शब्द खरं. १० इंची सबचं चुंबक होकायंत्राला काही फुटांवरूनही फिरवतं. निदान एक मीटर अंतर ठेव, आणि बसवल्यावर ओळखीच्या खुणेवर नाळ (बोटीचं पुढचं टोक) धरून काटा पडताळ. गाणी बंद आणि गाणी चालू, दोन्ही वेळा. जाड वायरीतल्या करंटचंही चुंबकीय क्षेत्र असतं, म्हणून खोक्यातल्या प्लस आणि मायनस वायरी एकमेकींना पीळ देऊन ने. दोघींची क्षेत्रं एकमेकांना मारतात.

सब पुढच्या बाकाखाली ने. पेटी मरीन प्लायची, आतून-बाहेरून फायबरचा थर, साधारण २८ लिटर, पूर्ण बंद. गाडीच्या बंद केबिनमध्ये बास आपोआप फुगतो, उघड्या बोटीत तो मदत करणारा डबाच नसतो, आवाज वाऱ्यावर जातो. त्यामुळे पुण्यात गाडीत ऐकलेला बास इथे मागू नकोस. बाकावर बसलेल्यांच्या पायांना ठेका लागला की पुरे.

सब कागदी कोनचा आहे की पॉलीप्रॉपिलीनचा?

देवबागकर

पॉलीप्रॉपिलीन, रबरी कड. नशीब.

निळा_किनारा

वायरिंगमधलं मला फार कळत नाही. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर डॉल्फिन फेऱ्यांवर मार्गदर्शक म्हणून जाते, म्हणून एक विनंती. आपल्याकडे किनाऱ्याजवळ दिसतात ते हंपबॅक डॉल्फिन. उथळ, गढूळ पाण्यात डोळ्यांपेक्षा आवाजावर जगतात. भक्ष्य आवाजाच्या प्रतिध्वनीने शोधतात, पिल्लाशी शिट्टीने बोलतात. हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरत नाही हे खरं, पण बोटीला घट्ट बसवलेला सब तळाला थरथरवतो आणि ती थरथर थेट पाण्यात जाते. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत ते. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कृपा करून सकाळच्या फेरीत सिस्टिम पूर्ण बंद ठेवा.

देवबागकर

ताई, सकाळच्या फेरीत आम्ही गाणी लावतच नाही, बाबांना ते कधीच आवडलं नाही. पण तळाच्या थरथरीचं लक्षात आलं नव्हतं. पेटीखाली रबराचे पाय लावतो.

टँपा_बे

एक स्विच सुचवतो. हेड युनिटकडून अँपला एक निळी-पांढरी बारीक वायर जाते, रिमोटची. तिच्यावर १२ व्होल्ट आले की अँप जागा होतो. तिच्यातून करंट नगण्य, म्हणून मध्ये छोटा जलरोधक स्विच सहज बसतो. तो सुकाणूच्या उजव्या हाताला लाव. बाबांनी एक बोट लावलं की सगळे स्पीकर त्या क्षणी गप्प. व्हीएचएफ (बोटीचा रेडिओ) असेल तर १६ नंबरच्या, म्हणजे संकटाच्या हाकेच्या चॅनलवरची हाक ऐकू यायलाच हवी. काही अँप व्हीएचएफमध्ये खरखर आणतात, तेही अँप चालू-बंद करून तपासून बघ.

जुना_तांडेल

ह्या बरा केलंस. खाडीच्या तोंडार लाटेचो आवाज कानार पडाक होयो.

पुणे_बास

शेवटी गेन. ही पायरी लोक गाळतात आणि स्पीकर जाळतात. गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही, हेड युनिट आणि अँप यांची सांगड आहे. स्पीकर आणि सबच्या वायरी अँपपासून काढ. हेड युनिटचा बास, ट्रेबल सगळं शून्यावर, आवाज तीन चतुर्थांश. ५० हर्ट्झचा सूर फोनवरून वाजव, मल्टिमीटर एसी व्होल्टवर. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. स्पीकरच्या चॅनलला ११० वॅट, २ ओहम : १४.८ व्होल्ट. सबला १५० वॅट, ८ ओहम : ३४.६ व्होल्ट. तो आकडा आला की गेन तिथे सोड आणि त्यावर रंगाचा ठिपका दे. मोजताना क्रॉसओव्हर (सूर उंच-खोल वेगळे करणारी अँपमधली गाळणी) बंद ठेव, नाहीतर ५० हर्ट्झ स्पीकरच्या चॅनलवर कापला जाऊन आकडा खोटा येईल. मग स्पीकरला ८० हर्ट्झच्या खालचं कापायचं, सबला ८० च्या वरचं.

वायरी परत लावताना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घे, प्लसला प्लस टेकव. कोन बाहेर आला पाहिजे. चारातला एक जरी आत गेला तर तो बाकीच्यांचा बास खातो.

देवबागकर (सप्टेंबर)

मंडळी, काम झालं. सगळ्यांनी सांगितलं तसंच केलं, म्हणून आकडे देतो.

केबल मुंबईहून मागवली, मिळायला तीन आठवडे लागले. नवी बॅटरी खोक्यात, पट्ट्याने बांधून, वर जाळीची दोन भोकं हवेसाठी. अँप तिच्या वर न ठेवता बाजूच्या भिंतीवर. आता मोठ्या आवाजात बॅटरीवर १२.६ आणि अँपवर १२.५. आधी १.२ व्होल्ट गळत होते, आता ०.१. सब सीरिजमध्ये. दोन तास सलग वाजवलं, अँपवर हात ठेवता येतो. शिट्टी बसबारने जवळजवळ गेली, उरलेली आरसीए दुसऱ्या अंगाने नेल्यावर गेली. गॅरेजमधल्या हुशार मुलाकडून क्रिम्पर दोन दिवसांसाठी आणला होता, जाताना त्याला दोन लग करून दाखवले, तोही आता हातोडी वापरणार नाही म्हणाला.

सब पुढच्या बाकाखाली. होकायंत्र किल्ल्याच्या खुणेवर धरून पाहिलं, गाणी चालू, बंद, काटा हलला नाही. इंजिन बंद करून तीन तास गाणी, मग चावी फिरवली. अर्ध्या फेऱ्यात लागलं.

काल पहिली फेरी होती. परतताना नदीच्या तोंडाशी आलो, मागे कुणीतरी आवाज वाढवायला सांगितला, मी हेड युनिटकडे वळलो तेवढ्यात सगळं गप्प झालं. बाबांचं बोट स्विचवर होतं. ते पुढे बघत होते, डावीकडे वाळूच्या दांड्यावर लाट फुटत होती, ती आता ऐकू येत होती. आत शिरल्यावर त्यांनीच स्विच परत वर केला.

जुना_तांडेल

बाबाक माझो नमस्कार सांग.